मोहरीएवढे कृष्णविवर, देशाएवढी दीर्घिका

दीर्घिकांची रंगीत छायाचित्रे आता पाठ्यपुस्तकांतूनही पाहावयास मिळतात. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात येते. काही दीर्घिका निळसर दिसतात, तर काही तांबूस-पिवळ्या. निळसर दीर्घिका बहुधा सर्पिल असतात, तांबूस दीर्घिका बहुधा लंबगोल आणि आकाराने थोराड असतात. हा रंगाचा भेद केवळ शोभेचा नाही. अतिशय तापलेले, वजनदार तारे निळे दिसतात. असे तारे आपले इंधन उधळ्यासारखे खर्च करतात आणि काही कोटी वर्षांतच संपतात. म्हणजे ज्या दीर्घिकेत आज निळे तारे दिसतात, तेथे ते नुकतेच जन्मले असले पाहिजेत. उलट, लाल तारे दीर्घायुषी असतात. ज्या दीर्घिकेत फक्त तेच उरले आहेत, तेथील तारे जन्माला येण्याची क्रिया फार पूर्वीच थांबलेली असते.

ही क्रिया का थांबते? तारे वायूपासून बनतात, तेव्हा वायू संपला की तारे बनणे संपले, असे सोपे उत्तर सुचते. पण मोठ्या लंबगोल दीर्घिकांच्या भोवती वायूचा तुटवडा नसतो. क्ष-किरणांच्या दुर्बिणींतून पाहिले असता त्यांच्याभोवती वायूचे विस्तीर्ण आवरण आढळते. कोठार धान्याने भरलेले आहे, पण घरात स्वयंपाक होत नाही, असा हा प्रकार आहे. कोणीतरी तो होऊ देत नसावे. गेल्या काही दशकांत खगोलशास्त्रज्ञांचा संशय दीर्घिकेच्या अगदी मध्यभागी बसलेल्या एका वस्तूवर स्थिरावला आहे. ती वस्तू म्हणजे तेथील महाकाय कृष्णविवर होय.

सक्रिय केंद्र म्हणजे काय?

१९४३ साली कार्ल सायफर्ट या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने सहा दीर्घिकांच्या वर्णपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या दीर्घिकांची केंद्रे असाधारण तेजस्वी होती आणि त्यांच्या वर्णपटातील तेजस्वी रेषा बऱ्याच रुंद होत्या. रेषा रुंद असणे याचा अर्थ प्रकाश देणारा वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरत आहे, असा होतो. वायूचा काही भाग आपल्याकडे येतो, काही दूर जातो आणि डॉप्लर परिणामामुळे रेषा दोन्ही बाजूंना पसरते. या सहा दीर्घिकांपैकी एक होती एनजीसी १२७५. तिची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

वीस वर्षांनंतर, १९६३ साली, मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या रेडिओ स्रोताच्या वर्णपटाचे कोडे उलगडले. छायाचित्रात साध्या ताऱ्यासारखी दिसणारी ही वस्तू सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षे दूर असल्याचे निष्पन्न झाले. इतक्या अंतरावरून ती लहान दुर्बिणीतही दिसते, म्हणजे ती मूळची किती तेजस्वी असेल! अशा वस्तूंना क्वेसार हे नाव मिळाले. सायफर्ट दीर्घिका, क्वेसार आणि जोरदार रेडिओलहरी सोडणाऱ्या काही दीर्घिका यांना मिळून आज ‘सक्रिय दीर्घिका-केंद्रे’ म्हणतात.

एवढी ऊर्जा येते कोठून? १९६९ साली डोनाल्ड लिंडन-बेल यांनी असे मांडले, की दीर्घिकांच्या केंद्रात महाकाय कृष्णविवरे असावीत आणि त्यांत पडणारा वायू ही ऊर्जा देत असावा. वरवर पाहता हे विसंगत वाटते. कृष्णविवरातून तर प्रकाशही बाहेर पडत नाही! पण ही ऊर्जा कृष्णविवराच्या आतून येतच नाही. वायू सरळ आत पडत नाही; मोरीच्या भोकाभोवती पाणी फिरावे तसा तो गरगरत तबकडीच्या रूपात जमतो. तबकडीचे आतले थर बाहेरच्या थरांपेक्षा वेगाने फिरतात. त्यांच्या घर्षणाने वायू प्रचंड तापतो आणि आत पडण्यापूर्वीच प्रकाशतो.

या भट्टीची कार्यक्षमता थक्क करणारी आहे. सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे हेलियम होताना वस्तुमानाच्या सुमारे ०.७ टक्के भागाचे ऊर्जेत रूपांतर होते. कृष्णविवरात पडणाऱ्या वायूच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे १० टक्के मानले जाते. वर्षाला एका सूर्याएवढा वायू गिळणारे कृष्णविवर त्यामुळे दीड लाख कोटी सूर्यांइतके तेजस्वी होऊ शकते. आपल्या आकाशगंगेतील सर्व ताऱ्यांचा प्रकाश एकत्र केला तरी तो याच्या जवळपासही पोहोचत नाही.

मोहरी आणि देश

आता प्रमाणाचा विचार करू. सूर्याच्या १० कोटी पट वस्तुमानाचे कृष्णविवर घ्या. त्याच्या सीमेची त्रिज्या सुमारे ३० कोटी किलोमीटर भरते, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या दुप्पट. हे ज्या दीर्घिकेत आहे तिचा व्यास एक लाख प्रकाशवर्षे धरला, तर दीर्घिका कृष्णविवराच्या सुमारे १६० कोटी पट मोठी ठरते. दीर्घिका काश्मीर ते कन्याकुमारीएवढी कल्पिली, तर हे कृष्णविवर मोहरीच्या एका दाण्याएवढे होईल.

गुरुत्वाकर्षणाचे काय? या कृष्णविवराचे गुरुत्व फार तर तीस-चाळीस प्रकाशवर्षांपर्यंतच्या ताऱ्यांच्या गतीवर हुकमत ठेवते. त्यापलीकडे बाकीच्या ताऱ्यांचे एकत्रित गुरुत्व वरचढ ठरते. दीर्घिकेच्या काठावरील ताऱ्याला केंद्रातील कृष्णविवराचे अस्तित्व जाणवण्याचे काहीच कारण नाही.

आणि तरीही दोघांचे नाते घट्ट आहे. २००० साली संशोधकांच्या दोन गटांनी स्वतंत्रपणे एक संबंध दाखवून दिला. दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांचा जो गोलसर फुगवटा असतो, त्यातील तारे जितक्या वेगाने इतस्ततः फिरतात तितके तेथील कृष्णविवर वजनदार असते. फुगवट्याच्या वस्तुमानाशी तुलना केली तर कृष्णविवराचे वस्तुमान साधारणपणे हजारात एक ते पाच भाग भरते. ज्या ताऱ्यांना कृष्णविवराची ओढ पोहोचतच नाही, त्यांच्या गतीवरून कृष्णविवराचे वजन सांगता यावे, हे नवलच. मोहरीच्या दाण्याला आपण कोणत्या देशात पडलो आहोत हे कसे कळले? की देशच मोहरीने घडवला?

याचे उत्तर गुरुत्वात नसून ऊर्जेत आहे. पुढील गणित अकरावी-बारावीचे विद्यार्थी सहज करू शकतील. सूर्याचे वस्तुमान २ गुणिले १०चा ३०वा घात किलोग्रॅम. आपल्या कृष्णविवराचे वस्तुमान याच्या १० कोटी पट, म्हणजे २ गुणिले १०चा ३८वा घात किलोग्रॅम. इतके वाढताना त्याने वस्तुमानाच्या दहाव्या हिश्श्याइतकी ऊर्जा बाहेर टाकली असे धरू. आइन्स्टाइनच्या सूत्रानुसार ही ऊर्जा १.८ गुणिले १०चा ५४वा घात ज्यूल येते. आता या कृष्णविवराच्या हजार पट वजनाचा फुगवटा घ्या आणि त्यातील ताऱ्यांचा वेग सेकंदाला २०० किलोमीटर धरा. फुगवट्याला बांधून ठेवणारी ऊर्जा साधारणपणे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग इतकी असते. ती येते ८ गुणिले १०चा ५१वा घात ज्यूल. म्हणजे कृष्णविवराने आयुष्यभरात सोडलेली ऊर्जा सबंध फुगवटा विस्कटून टाकण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या दोनशे पटींहून अधिक आहे!

अर्थात दीर्घिका विस्कटलेल्या नाहीत, कारण बहुतेक प्रकाश कशालाही न अडता अवकाशात निघून जातो. तारे तर या माऱ्याला मुळीच दाद देत नाहीत. पण या ऊर्जेचा शेकडा एखादा भाग जरी वायूने शोषला, तरी वायूचे भवितव्य बदलण्यास तो पुरेसा आहे. प्रश्न एवढाच उरतो, की ही ऊर्जा वायूपर्यंत पोहोचते कशी?

पहिला मार्ग : वादळ

कृष्णविवराला भरपूर खाद्य मिळत असते तेव्हा त्याची तबकडी क्वेसारसारखी झळाळते. प्रकाशालाही दाब असतो. एरवी तो नगण्य असतो, पण येथे तो इतका वाढतो की तबकडीवरील वायू बाहेर ढकलला जातो आणि एक वारा सुरू होतो. पीडीएस ४५६ या क्वेसारच्या क्ष-किरणांचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतून असे दिसले, की तेथील वारा प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याने आणि जवळजवळ सर्व दिशांना वाहत आहे. असा वारा दीर्घिकेतील वायूवर आदळला की वायू तापतो, दाबला जातो आणि बाहेर लोटला जातो. मार्केरियन २३१ या दीर्घिकेत २०१० साली हे प्रत्यक्ष मोजण्यात आले. तारे ज्यापासून बनतात तो थंड रेणवीय वायूच तेथे वर्षाला काहीशे सूर्यांच्या वस्तुमानाइतक्या प्रमाणात बाहेर फेकला जात आहे. आकाशगंगेत वर्षाकाठी एक-दोन सूर्यांएवढेच नवे तारे बनतात, हे लक्षात घेतले म्हणजे या लुटीची कल्पना येईल.

जोसेफ सिल्क आणि मार्टिन रीस यांनी १९९८ साली या मार्गातून एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला होता. वायू मिळतो म्हणून कृष्णविवर वाढते. वाढते तसा त्याचा मारा तीव्र होतो. आणि एका मर्यादेनंतर तो मारा वायूलाच पळवून लावतो. मग कृष्णविवराचे खाद्यही संपते आणि नव्या ताऱ्यांचा कच्चा मालही. ही मर्यादा कोठे येणार, हे दीर्घिकेचे गुरुत्व वायूला किती घट्ट धरून ठेवते यावर अवलंबून असते. दीर्घिका जितकी भारी तितके कृष्णविवर अधिक वाढल्यावर ही वेळ येते. मोहरी आणि देश यांच्या नात्याचे हे एक स्पष्टीकरण होय.

या चित्राला जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने नवा पुरावा दिला आहे. जीएस-१०५७८ या दीर्घिकेबद्दलचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. विश्वाच्या जन्मानंतर सुमारे २०० कोटी वर्षांनी ती कशी होती, ते आपण पाहतो आहोत. त्या कोवळ्या वयातच तिचे वस्तुमान सुमारे २०,००० कोटी सूर्यांएवढे झाले होते, पण नवे तारे बनणे जवळजवळ थांबले होते. तिच्यातून थंड, विद्युतभाररहित वायू सेकंदाला सुमारे १,००० किलोमीटर वेगाने बाहेर पडत असल्याचे आढळले. हा वेग दीर्घिकेच्या पकडीतून सुटण्यास पुरेसा आहे. या वाऱ्यामागे केंद्रातील कृष्णविवर असल्याचे संशोधकांचे मत आहे.

दुसरा मार्ग : मंद आच

वायू एकदा फेकून दिला म्हणजे काम संपत नाही. दीर्घिकेभोवतालचा वायू कालांतराने थंड होऊन पुन्हा आत येणार. मग कोट्यवधी वर्षे दीर्घिका निर्जीव कशी राहते? याचे उत्तर शोधण्यासाठी ययाति तारकासमूहाकडे वळू.

डिसेंबर-जानेवारीत रात्री आठ-नऊच्या सुमारास ययाति आपल्याकडे उत्तरेस बराच उंच दिसतो. त्यातील अल्गॉल हा तेज बदलणारा तारा प्रसिद्ध आहे. अल्गॉलपासून पूर्वेस सुमारे दोन अंशांवर, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, शेकडो दीर्घिकांचा एक समूह आहे. तो आपल्यापासून सुमारे २४ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. त्याच्या मध्यभागी सायफर्टच्या यादीतील एनजीसी १२७५ ही दीर्घिका आहे. दीर्घिकांमधील सगळी जागा काही कोटी अंश तापमानाच्या विरळ वायूने भरलेली आहे. इतका तप्त वायू क्ष-किरण सोडतो आणि ते सोडताना थंड होत जातो. वायू जेथे दाट असतो तेथे कणांच्या टकरी अधिक होतात आणि तो अधिक वेगाने निवतो. समूहाच्या मध्यभागी वायू सर्वांत दाट आहे. तेव्हा तो तेथे निवून, आकसून वर्षाला शेकडो सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे तारे बनावयास हवेत. प्रत्यक्षात तेथे त्याच्या लहानशा अंशाइतकेच तारे बनतात. निवणाऱ्या वायूला कोणीतरी सतत ऊब देत असले पाहिजे.

ही ऊब देणारा सापडला तो क्ष-किरणांच्या चित्रांत. १९९३ साली रोसॅट या उपग्रहाच्या निरीक्षणांत एनजीसी १२७५च्या दोन्ही बाजूंना वायूत पोकळ्या असल्याचे दिसून आले. जुलै १९९९ मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाने ‘चंद्रा’ ही क्ष-किरण वेधशाळा अवकाशात गेली आणि हे चित्र कमालीचे स्पष्ट झाले. कृष्णविवरापासून विरुद्ध दिशांना दोन झोत निघतात. विद्युतभारित कणांचे हे झोत प्रकाशवेगाच्या जवळपासच्या वेगाने सुटतात आणि तप्त वायू बाजूला सारून त्यात बुडबुडे फुगवतात. पाण्यातील हवेच्या बुडबुड्याप्रमाणे हे हलके बुडबुडे हळूहळू वर, म्हणजे समूहाच्या बाहेरच्या दिशेने, चढतात आणि जाताना भोवतालचा वायू ढवळतात.

अँड्र्यू फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या वायूत आणखी एक गोष्ट दिसली. तळ्यात खडा टाकल्यावर उठाव्यात तशा वर्तुळाकार लहरी केंद्राभोवती पसरलेल्या होत्या. या दाबाच्या लहरी, म्हणजे खऱ्या अर्थाने ध्वनिलहरीच होत. एका लहरीनंतर दुसरी यावयास सुमारे ९६ लाख वर्षे लागतात. २००३ साली ही माहिती जाहीर झाली तेव्हा त्या स्वराची पट्टीही सांगण्यात आली. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातील ‘काळी पाच’ घ्यावी आणि सुमारे ५७ सप्तके खाली उतरावे! हा स्वर कोणाच्याही कानांना ऐकू येणार नाही. पण लहर विरताना तिची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वायूत मिसळते आणि तो उबदार राहण्यास मदत होते.

हे तापवणे बेताचेच असते, असे दिसते. फेब्रुवारी २०१६ मध्ये जपानने सोडलेला हितोमी हा उपग्रह पुढच्याच महिन्यात निकामी झाला. पण तत्पूर्वी त्याने ययाति समूहातील वायूचा वेध घेतला होता. मध्यभागातील वायूच्या खळबळीचा वेग सेकंदाला सुमारे १६४ किलोमीटर भरला. झोतांचा वेग पाहता हा वायू अपेक्षेहून शांतच म्हटला पाहिजे. झोत थैमान घालतात, पण वायूला मिळणारी आच मंद असते.

येथेही एक स्वयंचलित नियंत्रण आहे. इस्त्रीतला थर्मोस्टॅट ज्या तत्त्वावर चालतो तेच तत्त्व येथे लागू पडते. वायू निवला की त्याचा थोडा भाग कृष्णविवरात पडतो, झोत जोर धरतात, वायू तापतो, खाद्य आटते, झोत मंदावतात, आणि वायू पुन्हा निवू लागतो.

संगणकावर विश्वाचा विकास घडवून पाहणाऱ्या शास्त्रज्ञांनाही याच नियंत्रकाची गरज भासली. केवळ गुरुत्व, वायू आणि तारे एवढेच गृहीत धरले, तर संगणकातील मोठ्या दीर्घिका प्रत्यक्षापेक्षा फार मोठ्या आणि निळ्या होत. कृष्णविवराची आच विचारात घेतल्यावर त्या खऱ्या दीर्घिकांसारख्या लाल आणि मापात राहू लागल्या. २००६ सालापासून अशा गणितांमध्ये या आचेला कायमचे स्थान मिळाले आहे.

खोडदच्या दुर्बिणीची साक्ष

या संशोधनात आपल्या पुणे जिल्ह्याचाही वाटा आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तिचे वैशिष्ट्य म्हणजे ती लांब तरंगलांबीच्या रेडिओलहरी टिपते. आपल्या विषयाच्या दृष्टीने याला मोठे महत्त्व आहे. बुडबुड्यांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओलहरी सोडतात. सर्वाधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आधी थकतात. कमी ऊर्जेचे दीर्घकाळ टिकतात, पण ते लांब तरंगलांबीच्या लहरीच सोडू शकतात. म्हणून ताजे बुडबुडे कोणत्याही रेडिओ दुर्बिणीला दिसतील, पण विझत आलेले जुने बुडबुडे पाहावयास लांब लहरी ग्रहण करणारी दुर्बीण लागते.

भुजंगधारी तारकासमूहात सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक समूह आहे. चंद्रा वेधशाळेच्या २०१६ सालच्या अभ्यासात त्यातील तप्त वायूला एक वक्र कडा असल्याचे दिसले होते. ती पोकळीची कडा असावी असा विचार पुढे आला, पण पोकळी अतिप्रचंड ठरत असल्याने तो बाजूला ठेवला गेला. २०२० साली जीएमआरटी आणि ऑस्ट्रेलियातील एका रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणे त्या चित्रावर ठेवून पाहण्यात आली. कडेच्या आतली जागा रेडिओलहरी सोडणाऱ्या कणांनी भरलेली होती आणि कड रेडिओ स्रोताच्या कडेशी जुळत होती! ती खरोखरच कृष्णविवराने फुगवलेली, आता जवळजवळ विझलेली पोकळी होती. ती फुगवावयास लागलेली ऊर्जा तोपर्यंतच्या विक्रमाच्या सुमारे पाचपट होती. ती ५ गुणिले १०चा ५४वा घात ज्यूल इतकी भरते. आपण वर केलेल्या गणितातील आकड्याशी ती ताडून पाहावी.

एका शिक्षिकेचा शोध

ही केंद्रे सतत पेटलेली नसतात, याचा एक सुंदर पुरावा एका शिक्षिकेने मिळवून दिला. २००७ साली हॉलंडमधील हॅनी व्हॅन आर्केल या शाळाशिक्षिका एका सार्वजनिक उपक्रमात भाग घेऊन दीर्घिकांच्या छायाचित्रांची आकारानुसार वर्गवारी करीत होत्या. आयसी २४९७ या दीर्घिकेशेजारी त्यांना एक विचित्र डाग दिसला आणि त्यांनी तो काय आहे असे विचारले. तो डाग म्हणजे एका दीर्घिकेएवढा वायूचा ढग होता. त्यातील ऑक्सिजन अशा रीतीने प्रकाशत होता की त्याच्यावर क्वेसारचा झगझगीत प्रकाश पडत असला पाहिजे. पण शेजारच्या दीर्घिकेत क्वेसार नव्हताच! निष्कर्ष असा निघाला, की क्वेसार तेथे होता आणि गेल्या दोन लाख वर्षांच्या आत तो मंदावला. त्याचा जुना प्रकाश ढगापर्यंत वळसा घालून उशिरा येत असल्यामुळे ढग अजून उजळलेला दिसतो. ‘हॅनीची वस्तू’ या अर्थाच्या डच नावानेच हा ढग आज ओळखला जातो.

दीर्घिकेच्या आयुष्यात दोन लाख वर्षे म्हणजे निमिषमात्र. त्यामुळे एक सावधगिरी आवश्यक ठरते. एखाद्या दीर्घिकेत आज सक्रिय केंद्र दिसले आणि तारेही भरभरून बनत असले, तर केंद्राचा ताऱ्यांवर काही परिणाम होत नाही असे म्हणता येत नाही. परिणाम दिसेपर्यंत दिवा विझलेला असू शकतो. उलट, दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरते असेही नाही. दीर्घिका एकमेकींत मिसळत गेल्या, तर नुसत्या सरासरीच्या नियमानेही कृष्णविवर आणि फुगवटा यांच्या वस्तुमानांचे प्रमाण काही अंशी जुळू शकते. त्यामुळे ते नाते घडविण्यात कृष्णविवराच्या माऱ्याचा वाटा नेमका किती, याबद्दल आजही मतभेद आहेत.

मारक आणि क्वचित तारकही

झोतांचा प्रताप घरापुरता मर्यादित राहत नाही. ३सी ३२१ या जोडदीर्घिकांपैकी एकीचा झोत दुसरीवर आदळत असल्याचे २००७ साली दाखविण्यात आले. अशा माऱ्याचा परिणाम दर वेळी घातकच होतो असे मात्र नाही. एनजीसी ५४१ या दीर्घिकेचा झोत ज्या वायूवर आदळतो तेथे ‘मिन्कोव्स्कीची वस्तू’ नावाचा निळसर, तरुण ताऱ्यांचा पुंजका आहे. झोताने वायू दाबला गेला आणि तेथे तारे जन्मले, असा त्याचा अर्थ लावला जातो. फुंकरीने दिवा विझतो, पण निखारा फुलतो. वायू किती दाट आणि किती थंड आहे, यावर फुंकरीचा परिणाम ठरतो.

आपली आकाशगंगाही याला अपवाद नसावी. तिच्या केंद्रातील कृष्णविवराचे वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्यांएवढे आहे. ते शोधून काढल्याबद्दल राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया घेझ यांना २०२० सालचे नोबेल पारितोषिकही मिळाले. आज ते जवळजवळ उपाशी आणि शांत आहे. पण २०१० साली फर्मी या गॅमा-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांतून आकाशगंगेच्या प्रतलाच्या वर आणि खाली प्रत्येकी सुमारे २५,००० प्रकाशवर्षे उंचीचे दोन फुगे आढळून आले. ते या कृष्णविवराच्या जुन्या उद्रेकाचे अवशेष असतील, किंवा केंद्राजवळ एके काळी झपाट्याने जन्मलेल्या ताऱ्यांनी उठवलेल्या वाऱ्याचे. दोन्ही शक्यता विचाराधीन आहेत.

वर्गासाठी

हा विषय वर्गात नेण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. फळ्यावर भारताचा नकाशा टांगून विद्यार्थ्याच्या तळहातावर मोहरीचा एक दाणा ठेवावा आणि ‘हा दाणा या सगळ्या देशाचे हवामान बदलू शकेल का?’ असे विचारावे. मग ऊर्जेचे गणित करावयास द्यावे. एका उंच काचेच्या भांड्यात पाणी घेऊन तळाशी रंगाचे दोन थेंब सोडावेत आणि नळीने हळूच हवा फुंकावी. वर चढणारे बुडबुडे तळाचे रंगीत पाणी आपल्यामागे कसे ओढत नेतात ते दिसेल. ययाति समूहातील बुडबुडे वायू असाच उचलून नेतात.

या सर्वांतून विद्यार्थ्यांच्या मनावर एक गोष्ट ठसावी. निसर्गात एखाद्या वस्तूचा प्रभाव तिच्या आकारावरून किंवा वजनावरून ठरत नाही. ती किती ऊर्जा मोकळी करते आणि ती ऊर्जा कशाच्या हाती लागते, यावर तो ठरतो. सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी विश्वात तारे सर्वांत वेगाने बनत होते आणि क्वेसारही त्याच काळाच्या आसपास सर्वाधिक होते. त्यानंतर दोन्ही ओसरत गेले. आज लाल दिसणाऱ्या थोराड दीर्घिकांमध्ये त्या काळातील झगड्याचा निकाल आपल्याला वाचावयास मिळतो.